टर्बो थंडा होऊन राहिला

“सोनिका, थे गाडी बंद केल्यावरही बंद होऊन नाही राहिली वं. अन् तिचा वास आत आला का माहं डोकं चढते.”

सासूबाईंनी, म्हणजे पंचफुलाबाईंनी, हे पहिल्यांदा सांगितलं तेव्हा सोनिका बाळाच्या दुधाच्या बाटल्या उकळत होती. तिनं चिमट्यानं एक बाटली उचलून उजेडात धरली, फिरवून फिरवून पाहिली आणि मान न वळवता म्हटलं, “आई, तो टर्बो टायमर आहे. गाडी आपोआप बंद होते. डोकं उन्हानं चढलं असेल तुमचं. ताक घ्या थोडं.”

बाटलीवर डाग नव्हता. सोनिकाचं समाधान झालं आणि विषय तिथंच मिटला.

एरवी त्या घरात विषय इतक्या स्वस्तात मिटत नसे. गोलू झाल्यापासून सोनिका डोळ्यांत तेल घालून जगत होती. गोलूच्या आंघोळीच्या पाण्याचं तापमान मोजायला एक थर्मामीटर, गोलूचं मोजायला दुसरा आणि गोलू ज्या खोलीत झोपतो त्या खोलीचं मोजायला तिसरा, अशी व्यवस्था होती. खेळणं विकत घेण्याआधी ती त्यावरचा रंग नखानं खरडून पाही, आणि दुकानदार तिच्याकडे पाही. गोलूला शिंक आली की ती फोनवर शिंकांबद्दल वाचायला बसे, आणि वाचून उठे तेव्हा तिच्या मते त्याला किमान तीन आजार झालेले असत.

बाळंतपणाची रजा संपली तशी ती वरच्या खोलीत, कानाला हेडफोन लावून, कंपनीचं काम करायला बसली. गोलूला सांभाळायला पंचफुलाबाई खाप्याहून आल्या. खाप्याला त्यांचं घर मोकळं, पुढं-मागं अंगण, संध्याकाळी कन्हान नदीकडून वारा यायचा. इथं नागपुरात, सक्करदऱ्याला, त्यांच्या वाट्याला आली खालची समोरची खोली, तिच्यात गोलूचा पाळणा आणि पाळण्याच्या डोक्यावर कॅमेरा. सोनिका वर बसून कामाच्या स्क्रीनशेजारी फोन उभा करून ठेवी आणि त्यात पाळणा पाही. कॅमेऱ्यात गोलू पूर्ण दिसे. पंचफुलाबाईंचा फक्त पाय दिसे, तोही कधीमधी.

आता गाडीचं.

सोनिकाचा नवरा धम्मदीप एका खासगी कंपनीच्या हिशेब विभागात होता. स्वभावानं गरीब, पण त्यानं जुनी का होईना टर्बोची, म्हणजे जादा जोराच्या इंजिनाची, पेट्रोल गाडी घेतली आणि त्याच्या चालण्यात फरक पडला. आधीच्या मालकानं सायलेन्सर बदलून घेतला होता, मधली धूर साफ करणारी कसलीशी डबी काढून टाकली होती, त्यामुळे गाडी उभ्या जागी अशी घुरघुरे की वाटावं, सोडलं तर थेट जबलपूरला जाऊन थांबेल. प्रत्यक्षात ती सक्करदऱ्याहून ऑफिसला जाई आणि दुपारी जेवायला परत येई. रस्ता अर्धा खोदलेला, उरलेल्या अर्ध्यात ई-रिक्षा. गाडी त्यांच्या मागं मागं, मिरवणुकीतल्या घोड्यासारखी.

अशा गाडीला टर्बो टायमर लागतो हे धम्मदीपला दुर्गेशनं पटवलं. दुर्गेशचं गाडीच्या शोभेच्या सामानाचं दुकान होतं. सीटकव्हर, निळे दिवे, डॅशबोर्डवर मान हलवणारं कुत्रं आणि ज्ञान, हे सगळं त्याच्याकडं मिळे.

“भाऊ, टर्बो अंदरून लाल होते लाल,” दुर्गेशनं सांगितलं. “तुम्ही चाबी काढली का तेल बंद. तेल बंद का टर्बो खल्लास. टायमर लावून देतो. चाबी काढा, घरात जा, हात धुवा, जेवाले बसा. गाडी चालू राहते अन् मंग आपली आपली बंद होते.”

टायमर बसला. छोटीशी काळी डबी, वर लाल आकडे उलटे पळणारे. धम्मदीप ते आकडे सोनिकाला दाखवत म्हणाला, “पाह्य, टर्बो थंडा होऊन राहिला.”

सोनिका शिकलेली होती आणि तिला प्रश्न पडत. “धम्मदीप, तो थंड होतोय ते ठीक आहे. पण तापला कधी?”

“म्हणजे?”

“म्हणजे तू आत्ता भाजीबाजारातून आलास. अर्धा रस्ता एका बैलाच्या मागं होतास, तूच सांगितलं. त्यात टर्बो लाल झाला?”

“सिटीत नाही होत तेवढा. हायवेवर होते.”

“हायवेवर आपण कधी जातो?”

“जाऊन राहिलो ना. सावनेरले. लग्न नाही काय पुढच्या हप्त्यात?”

सावनेरला धम्मदीपच्या मावसभावाचं लग्न होतं. गाडी खरोखरच हायवेवरून गेली, टर्बो बहुधा खरोखरच तापला, आणि मंगल कार्यालयाच्या आवारात गाडी लावून, चाबी खिशात घालून, धम्मदीप कुटुंबासह आत शिरला. भन्तेजी नुकतेच बसत होते, पांढऱ्या साड्या नीटनेटक्या करत बाया पुढच्या रांगेत सरकत होत्या, आणि माइकवरून आवाज आला:

“पांढऱ्या गाडीचे मालक जिथं असतील तिथून त्यांनी गाडीजवळ यावं. गाडी चालू आहे. आत चाबी नाही, माणूस नाही.”

धम्मदीप पोचेपर्यंत तिथं निम्मं वऱ्हाड जमलं होतं. कोणीतरी चाकाखाली वीट सारली होती. एका म्हाताऱ्यानं पाण्याचा जग आणून बोनेटवर ओतायची तयारी चालवली होती. “भूतबाधा नाही बे, शॉर्टसर्किट आहे,” असं एकजण दुसऱ्याला समजावत होता. धम्मदीपनं हात वर करून सगळ्यांना शांत केलं आणि टर्बो म्हणजे काय इथपासून सुरुवात केली. त्याचं संपायला आणि लाल आकडे शून्यावर यायला एकच गाठ पडली. गाडी आपली आपली बंद झाली. लोकांनी टाळ्या वाजवल्या. नवरदेव आला तेव्हा त्या मानानं थंडंच स्वागत झालं. जाताना वऱ्हाडातल्या दोघांनी दुर्गेशचा नंबर घेतला.

सक्करदऱ्याच्या गल्लीत मात्र कौतुक व्हायला वेळ लागला. समोरच्या घरात ताराचंद काका राहत. बँकेतून रिटायर झालेले. दिवसभर गेटशी खुर्ची टाकून ते गल्लीवर नजर ठेवत. सोनिकाचा कॅमेरा पाळण्यावर, त्यांचा गल्लीवर. टायमर लागल्यापासून ते रोज दुपारी गेटवर येऊन हाक मारत.

“ओ धम्मदीप, गाडी चालू राहिली गा तुही.”

“टायमर आहे, काका.”

दुसऱ्या दिवशी: “धम्मदीप, गाडी.”

“टायमर, काका.”

तिसऱ्या-चौथ्या दिवशी धम्मदीप वैतागला. भाताचा घास हातात तसाच धरून तो गेटपर्यंत गेला आणि म्हणाला, “काका, तुम्ही रोज रोज काहून येता? तुम्हाले एकदा सांगतलं ना. गाडीत टर्बो आहे, थो थंडा होऊन राहिला. तुम्ही नका टेन्शन घेऊ.”

ताराचंद काका अपमानावरून भांडणाऱ्यांतले नव्हते, पण तो विसरणाऱ्यांतलेही नव्हते. “बरं बावा,” एवढंच म्हणून ते खुर्चीवर जाऊन बसले. त्यानंतर गाडी चालू असली तरी ते फक्त पाहत.

एप्रिल सरला आणि नागपूरनं आपलं खरं रूप दाखवायला सुरुवात केली. खालच्या खोलीत कूलर लागला. कूलर म्हणजे मोठा पत्र्याचा, गवताच्या ताट्यांचा, पंखा सुरू केला की शेजारच्यांनाही थंड वाटावं असा. त्याला जागा एकच होती: पोर्चकडे उघडणारी खिडकी. पोर्चमध्ये सावली, नळही तिथंच, ताट्यांवर ऊन पडत नाही. त्यासारखी जागा नाही, असं तो बसवायला आलेला माणूसही म्हणाला. गाडीही पोर्चमध्येच उभी राही, मागचं तोंड खिडकीकडे करून, कारण सकाळी निघताना सरळ निघता यावं.

पोर्च धम्मदीपनं गाडीसाठी आधीच बंदिस्त करून घेतला होता. समोर शटर. वरच्या जाळीतून धूळ येते म्हणून तिथं प्लास्टिकचा पत्रा. बाजूच्या फटीतून मांजरी येऊन बोनेटवर बसतात म्हणून तिथंही पत्रा. दुपारी आला की तो गाडी आत घेई, ऊन लागू नये म्हणून शटर ओढून घेई आणि जेवायला बसे. जेवून, जरा पाठ टेकून, परत जाई. तेवढ्या वेळात पोर्चमध्ये टर्बो थंड होई, आणि खिडकीतला कूलर पोर्चमधली हवा ओढून पंचफुलाबाईंच्या खोलीत सोडी. घरातल्या तीन मोठ्या माणसांपैकी दोघं पदवीधर होती. कूलर हवा कुठून ओढतो, हा प्रश्न दोघांच्याही परीक्षेत कधी आला नव्हता.

पंचफुलाबाईंना तो प्रश्न नाकानं समजला होता. त्यांनी दुसऱ्यांदा सांगितलं, या वेळी मुलाला.

“बाबू, तुह्या गाडीचं धुपट कूलरमंधून येऊन राहिलं गा. मले मळमळते.”

“आई, धुपट डिझेलच्या गाडीले असते. आपली पेट्रोल आहे. दिसून राहिलं काय तुले धुपट?”

“दिसत नाही. येते.”

“जे दिसत नाही थे काय येईन वं?” धम्मदीप हसला आणि ताट सरकवून उठला.

टायमरचा आकडाही वाढत चालला होता. आधी पाच मिनिटं होती. मग धम्मदीपनं एक व्हिडिओ पाहिला, त्यात थंड देशातला एक गोरा माणूस सात मिनिटं म्हणत होता. धम्मदीपनं गणित मांडलं: तिथं बर्फ पडतो तर सात, मग नागपूरच्या मे महिन्यात किती? त्यानं दहा ठेवली. सोनिका यावर पुन्हा भांडली असती, पेट्रोल फुकट जाळतोस म्हणून त्याला फैलावर घेतलं असतं. पण त्याच दिवसांत एक गोष्ट घडली आणि तिनं पक्ष बदलला.

गोलू झोपायला लागला.

हा मुलगा दुपारी झोपत नसे. अंगाई, वाळ्याचं पाणी, फोनवरचा पावसाचा आवाज, सगळं करून झालं होतं. आणि आता धम्मदीप जेवायला आला, शटर पडलं, पोर्चमध्ये ती घुरघुर सुरू झाली की गोलूचे डोळे मिटत. आयांच्या एका ग्रुपवर सोनिकानं विचारलं. तिकडून उत्तर आलं की एकसुरी आवाजानं बाळाला गर्भातली आठवण येते. सोनिकाला ते इतकं पटलं की तिनं त्या रात्री धम्मदीपला स्वतःहून म्हटलं, “ऐक ना. त्या टायमरचा आकडा अजून वाढतो का?”

धम्मदीपला आपण स्वप्नात आहोत असं वाटलं. “तूच तर म्हणत होती, टर्बो तापतच नाही.”

“टर्बोचं जाऊ दे. गोलूची झोप दहा मिनिटांनी मोडते. गाडी बंद झाली की तो जागा होतो.”

धम्मदीप दुसऱ्याच दिवशी दुर्गेशकडं गेला. दहाच्या वर कंपनीनं सोय ठेवली नव्हती. “कंपनीचं काय भाऊ, कंपनी डरते,” असं म्हणून दुर्गेशनं एक तार कापली, दुसरीला जोडली, वर काळी पट्टी गुंडाळली. “आता अर्धा तास आराम चालते.”

अशा रीतीनं ज्या टायमरचा टर्बोला उपयोग नव्हता त्याचा सगळ्या घराला उपयोग होऊ लागला. गोलू झोपे. सोनिकाचं काम उरके. धम्मदीपचा टर्बो गार राही. पंचफुलाबाईही गोलूबरोबर झोपू लागल्या, ज्या खाप्याला दिवसा कधी आडव्या झाल्या नव्हत्या. “आईंनाही आराम मिळतोय,” सोनिकानं ग्रुपवर लिहिलं आणि खाली बदाम टाकला.

पंचफुलाबाईंचं डोकं मात्र राहत नव्हतं. त्या डोक्याला पदर करकचून बांधत आणि बसून राहत. घरानं या डोक्याचा विचार केला नाही असं म्हणता येणार नाही. नणंद भावनानं खाप्याहून फोनवर निदान केलं: “वहिनी, आईले तिथं करमत नाही. माणसं नाही ना बोलाले.” ताराचंद काकांनी चष्म्याचा नंबर सुचवला. सोनिकानं ऑनलाइन बीपीचं यंत्र मागवलं, पंचफुलाबाईंच्या दंडाला पट्टा बांधला, आकडा ठीक आला, आणि यंत्र डब्यात गेलं.

रविवारी मात्र गंमत होई. धम्मदीप रविवारी गाडी फक्त पुसे. पंचफुलाबाई सकाळी विहारात जात, दुपारी गोलूला घेऊन खोलीत बसत, आणि दिवसभर त्यांचं डोकं दुखत नसे. सोनिकासारख्या बारीक नजरेच्या बाईच्या हे लगेच लक्षात आलं.

“पाहिलं?” ती धम्मदीपला म्हणाली. “विहारात चार बाया भेटल्या की आईंचं डोकं थांबतं. भावनाताई म्हणतात तेच खरं. एकटेपणा आहे.”

तिनं लगेच उपाय केला. पंचफुलाबाईंच्या फोनवर तिनं बायांचा एक भजनाचा ग्रुप घालून दिला.

पंचफुलाबाईंनी त्यानंतर डोक्याचं नाव काढलं नाही. सोनिका अधूनमधून विचारी, “आई, बरं आहे ना?” त्या म्हणत, “काही नाही वं.” त्यांनी आपल्या परीनं दोन कामं केली. पाळणा ओढत ओढत कूलरपासून दूर, मधल्या दाराशी नेला आणि स्वतःची गादी कूलरच्या पुढ्यात टाकली. हवा आपल्या अंगावरून जाऊ दे, लेकरावर नको, असा त्यांचा हिशेब होता. सोनिकानं कॅमेऱ्याचा कोन बिघडला म्हणून कुरकुर केली, आणि कॅमेरा सरकवला. आणि दुसरं, मधलं दार. कूलरची थंडी जाऊ नये आणि स्वयंपाकघरातला आवाज येऊ नये म्हणून ते लावून ठेवायचं, असा सोनिकाचा नियम होता. पंचफुलाबाई त्याच्या फटीत आपली चप्पल अडकवून ठेवत. सोनिका येताजाता चप्पल काढी. त्या परत अडकवत. यावर दोघी कधी बोलल्या नाहीत, पण दोघींनाही माहीत होतं.

त्या दुपारी धम्मदीप जेवायला आला, गाडी आत घेतली, शटर ओढलं. जेवण होतंय तोच ऑफिसातला अंकुश आपली गाडी घेऊन दारात आला. साहेबांनी दोघांनाही हिंगण्याला बोलावलं होतं.

“तुही गाडी राहू दे,” अंकुश म्हणाला. “माह्या गाडीत चाल. उगाच दोन गाड्या काहून न्यायच्या?”

“थांब, गाडी चालू आहे माही.”

“मंग बंद कर ना.”

“टायमर आहे,” धम्मदीप म्हणाला. अंकुशला टायमर म्हणजे काय ते हिंगण्यापर्यंत ऐकावं लागलं.

सोनिका वर मीटिंगमध्ये होती. फोनमध्ये गोलू झोपला होता, गाल लाल, मूठ उघडी. ती मधूनमधून पाही आणि सुखावे. अर्धा तास झाला, तासाकडे काटा गेला, गोलू हलला नाही. मीटिंगमध्ये कोणी तरी बंगळूरूहून आकडे वाचत होतं. सोनिकानं माइक बंद असल्याची खात्री करून स्वतःशीच म्हटलं, शहाणं माझं बाळ ते.

मग तिला वाटलं की चित्रात काहीतरी कमी आहे.

गोलू होता. पाळणा होता. पाळण्याला बांधलेली दोरी होती, जुन्या सुती लुगड्याची पिळून केलेली. तिचं दुसरं टोक पंचफुलाबाई पायाच्या अंगठ्याला बांधून ठेवत. खाप्याला सगळ्या बाया असंच करायच्या, हात कामाला मोकळे आणि पाय लेकराला. पंचफुलाबाईंना याची इतकी सवय होती की त्या झोपल्या तरी अंगठा हले. झोपेत कूस बदलली तरी हले. सोनिकानं सुरुवातीला याचा व्हिडिओ करून मैत्रिणींना पाठवला होता.

दोरी हलत नव्हती. पाळणा जिथल्या तिथं उभा होता.

सोनिकानं हेडफोन काढला. आधी तिला राग आला हे खरं आहे. सासूबाई उठून कुठं गेल्या, बाळाला सोडून, असं तिच्या मनात आलं. मग तिनं नीट पाहिलं. दोरी खाली गेली होती आणि तिच्या टोकाला पाय होता. पाय तिथंच होता.

जिना ती कशी उतरली ते तिला नंतर आठवलं नाही. मधल्या दारात चप्पल अडकवलेली होती. आत कूलर जोरात चालू, खोली गारेगार, आणि पोर्चमधून ती घुरघुर, अजून. पंचफुलाबाई गादीवर एका कुशीवर होत्या, डोक्याला पदर बांधलेला, उशीवर ओकारी. सोनिकानं हाक मारली. त्यांनी डोळे अर्धे उघडले आणि भलतंच काही बोलल्या, “भावना, म्हैस सुटली वं,” असं काहीतरी, आणि पुन्हा मिटले.

सोनिकानं गोलूला उचललं. तो लोळागोळा, पण कुरकुरला. त्याला घेऊन ती मागच्या दारानं अंगणात, तिथून गल्लीत धावली आणि तिनं त्याला ताराचंद काकांच्या हातात अक्षरशः कोंबलं.

“काका, याला धरा. हवेत धरा. आणि शटर उघडा, आईंना बाहेर काढायचंय.”

ताराचंद काकांनी बाळ बायकोकडे दिलं आणि शटर वर ढकललं. आतून जी हवा बाहेर आली तिनं ते दोन पावलं मागं सरले. दोघांनी मिळून पंचफुलाबाईंना गादीसकट पोर्चकडच्या दारातून ओढत बाहेर आणलं. अंगठ्याची दोरी सोडायचं राहिलं होतं, त्यामुळे मागून पाळणाही दारापर्यंत घसटत आला. गाडी चालूच होती. तिच्या डबीवर लाल आकडे शून्यावर न येता एका जागी थिजून बसले होते.

“केव्हाची चालू आहे ही?” सोनिकानं विचारलं.

“केव्हाची म्हणजे,” काका धापा टाकत म्हणाले, “धम्मदीप गेला तवापासून आवाज येऊन राहिला शटरमागून. मी दोनदा उठलो सांगाले. मंग म्हटलं, टर्बो थंडा होऊन राहिला असन.”

सोनिका रिक्षा थांबवायला गल्लीच्या तोंडाकडं धावली.

दवाखान्यात दोघांनाही ऑक्सिजन लावला. डॉक्टरीणबाई तरुण होत्या, सोनिकाच्याच वयाच्या. त्यांनी पहिलाच प्रश्न विचारला, “बंद जागेत गाडी चालू होती का?” दुसरा विचारला, “आधी काही त्रास? डोकेदुखी, मळमळ?”

“काही दिवसांपासून डोकं दुखतं म्हणत होत्या,” सोनिका म्हणाली.

“मग तुम्ही काय केलं?”

“बीपी पाहिलं,” ती म्हणाली. भजनाच्या ग्रुपचं तिनं सांगितलं नाही.

दोघांच्या अंगात गाडीच्या धुरातला कार्बन मोनॉक्साइड गेला होता, जो डोळ्यांना दिसत नाही आणि ज्यानं गुंगी येते. गोलू लवकर सुधारला. पाळणा दाराशी होता आणि दाराला फट होती, त्याचा फायदा झाला असावा, असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या. पंचफुलाबाईंना वेळ लागला. धम्मदीप हिंगण्याहून आला तो रिक्षानं. आईच्या पलंगाशी उभा राहिला. पंचफुलाबाईंनी तोंडावरचा मास्क बाजूला करून विचारलं, “गोलू?”

“बरा आहे, माय.”

“अन् थे गाडी?”

“बंद केली.”

“झाली काय बंद?” त्यांनी विचारलं आणि मास्क परत लावला.

टायमर दुसऱ्या दिवशी निघाला. दुर्गेशनं तो काढताना तोंड वाईट केलं. “भाऊ, टायमरचा दोष नाही. इतक्या गाड्यांत लावला, कोणाची तक्रार नाही. तुमचा कूलरच चुकीच्या जागी होता.” त्यात थोडं खरंही होतं. काढलेली डबी दुर्गेशनं पुसून काउंटरवर ठेवली, विकायला.

धम्मदीपनं मग गाडीवाल्यांच्या ग्रुपवर टायमरविरुद्ध लांबलचक मजकूर टाकला, जितक्या ठामपणे आधी बाजूनं टाकला होता तितक्याच. रोजच्या गाडीला याची गरज नाही, हायवेवरून आलात तर शेवटचा रस्ता हळू चालवा, नाहीतर मिनिटभर गाडीत बसून राहा आणि बंद करून उतरा. त्याला खूप अंगठे मिळाले. खाली लगेच कोणीतरी विचारलं, टायमर मोबाइलवरून चालतो असा कुठं मिळेल.

कूलर मागच्या खिडकीत गेला. पोर्चचे पत्रे निघाले, मांजरी परत बोनेटवर आल्या. सायलेन्सरची डबीही नवी बसवली. ताराचंद काकांना त्यांचं काम परत मिळालं आणि ते आता गाडी सुरू होताक्षणीच सांगायला येतात, धम्मदीप आत बसलेला असला तरी. धम्मदीप त्यांना खाली उतरून “हो काका” म्हणतो.

गोलू दुपारी झोपत नाही.

पंचफुलाबाई खाप्याला गेल्या नाहीत. जाईन म्हणाल्या, मग पाळण्याकडं पाहून इथंच राहिल्या. सोनिकानं दुसरा कॅमेरा मागवायला फोन हातात घेतला होता, सासूबाईंसाठी. मग तो ठेवून दिला, खाली गेली आणि जेवणाच्या सुट्टीत त्यांच्या गादीवर टेकली. “डोकं कसं आहे आई?” “काही नाही वं.” “काही नाही म्हणजे?” पंचफुलाबाईंनी जरा थांबून सांगितलं, की सकाळी उठल्यावर अजून थोडं गरगरते, अन् पायातली ताकद गेल्यासारखी वाटते, अन् तुह्या भाजीत मीठ कमी राहते. सोनिकानं तिन्ही गोष्टी ऐकून घेतल्या. मीठ सोडून बाकी दोन डॉक्टरीणबाईंना कळवल्या.

तुमच्याही घरात कोणीतरी असेल. लेकरू तुमचं, पण दोरी त्यांच्या अंगठ्याला. त्यांची खोली कोणत्या बाजूला उघडते, तुमच्या नक्की लक्षात आहे का? त्यांच्या खिडकीबाहेर काय उभं राहतं, कूलर कुठची हवा ओढतो? हे वाचून झालं की फोन ठेवा आणि एकदा त्यांच्या खोलीत जाऊन या. खिडकी पाहा, वास घ्या, डोकं दुखतं का ते विचारा. त्या “काही नाही” म्हणतील. तिथंच बसा, आणि परत एकदा विचारा.